तोंडाला वास: दोनदा ब्रश करूनही दुपारपर्यंत परत येतो. टिकणारा घरगुती उपाय आहे का?

खिडकीतला
नमस्कार मंडळी,
विषय चारचौघांत काढायला अवघड, म्हणून आयडीच्या आडून विचारतोय. सकाळ-रात्र दोन्ही वेळा नेमाने ब्रश करतो. कीड नाही, निदान दुखत तरी काही नाही. तरीही अकरा-बाराच्या सुमारास तोंडाची चव बदलते, जीभ चिकट वाटायला लागते आणि समोरचा माणूस बोलता बोलता अर्धं पाऊल मागे सरकतो. खरंच सरकतो की माझ्या मनाचे खेळ, हे कळायला मार्ग नाही, आणि विचारणार कुणाला?

आतापर्यंतचे प्रयोग: लवंग, बडीशेप, पुदिन्याच्या गोळ्या, निळंशार माउथवॉश. सगळ्यांचा निकाल एकच. अर्धा तास बहार, मग मूळपदावर. माउथवॉशनंतर तर तोंड आणखी कोरडं पडतं.

तर घरच्या घरी करण्यासारखं आणि मुख्य म्हणजे टिकणारं काही आहे का? आणि आपल्या तोंडाला वास येतोय की नाही हे आपलं आपण कसं ओळखायचं? थट्टा केलीत तरी चालेल, पण सोबत एखादा उपाय जोडा.

कळलावी
थट्टेला आधीच परवानगी देऊन टाकली म्हणजे सगळी मजाच गेली. पॉपकॉर्न परत डब्यात.

भरतीओहोटी
सगळं लिहिलंत, पण जीभ घासता असं कुठेच लिहिलं नाहीत. चिकट कोण होतंय, दात की जीभ?

खिडकीतला
@भरतीओहोटी, ब्रश झाला की त्याच ब्रशने वरवर फिरवतो. मागे नेला की उमासे येतात, म्हणून पुढच्या पुढेच.

भरतीओहोटी
मग राहिलं की मागचंच! वास पुढच्या भागाला नसतोच मुळी. टंग क्लीनर आणा, स्टीलचा किंवा तांब्याचा. प्लॅस्टिकचे वाकतात आणि कडा बोथट होतात. उमाशांवर युक्ती: जीभ शक्य तितकी बाहेर काढायची, श्वास हळूहळू तोंडाने सोडत राहायचं आणि त्या सोडत्या श्वासातच क्लीनर मागून पुढे ओढायचा. श्वास आत घेताना ओढलात की संपलं. आणि रिकाम्या पोटी करा, जेवल्यावर नको.

दंतकथा
दाताचाच धंदा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. निदान इथे होत नसतं हे गृहीत धरा.

तोंडाच्या वासाचं मूळ ८० ते ९० टक्के लोकांमध्ये तोंडातच असतं. पोटात नाही. "पोट साफ नाही म्हणून तोंडाला वास" हे ऐकून ऐकून कान किटले आहेत. अन्ननलिका एरवी मिटलेली असते, त्यामुळे पोटातली हवा सारखी वर येत राहत नाही. आम्लपित्त, ढेकरा, काही जणांत पोटातला एच. पायलोरी जंतू यांचा थोडाफार संबंध असतो, पण रांगेत त्यांचा नंबर बराच मागे.

होतं काय, तर जिभेच्या मागच्या भागावर खाचाखोचा असतात. तिथे अन्नाचे सूक्ष्म कण, झडलेल्या पेशी आणि नाकातून मागे उतरणारा शेंबूड यांचा थर जमतो. त्या थराखाली हवा पोहोचत नाही आणि प्राणवायूशिवाय जगणाऱ्या जंतूंचं फावतं. ते प्रथिनं कुजवतात आणि गंधकाचे वायू सोडतात. हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे सडक्या अंड्याचा वास. मिथाइल मरकॅप्टन, म्हणजे कुजक्या कोबीच्या जवळ जाणारा. यातला दुसरा जास्त येत असेल तर मी आधी हिरड्या बघतो. हिरड्या आणि दात यांच्यात खोल खिसे झाले असतील तर तिथेही हाच कारखाना चालू असतो आणि तिथवर ब्रशचे केस पोहोचत नाहीत.

यावर निसर्गाने दिलेला इलाज लाळ. दिवसाकाठी साधारण अर्धा ते दीड लिटर तयार होते, सतत धुण्याचं काम करते. झोपेत ती जवळजवळ थांबते, म्हणून सकाळी उठल्यावर प्रत्येकाच्या तोंडाला वास असतो. प्रत्येकाच्या. तो आजार नव्हे. खिडकीतला यांचं "दुपारपर्यंत" मला म्हणून महत्त्वाचं वाटतं. सकाळी काय खाता, पाणी किती पिता, दिवसभर बोलण्याचं काम आहे का, नाक चोंदलेलं असतं का, कुठली गोळी रोज चालू आहे का?

खिडकीतला
वा, एवढं सविस्तर! उत्तरं: सकाळी नुसती कॉफी, खाणं थेट दुपारी. दिवसभर फोनवर बोलायचं काम. पाणी आठवण झाली की. नाक बाराही महिने बंद, त्यासाठी ॲलर्जीची गोळी रोज रात्री.

दंतकथा
घ्या. अर्धं उत्तर तुम्हीच दिलंत. न्याहारी नाही म्हणजे चावणं नाही, चावणं नाही म्हणजे लाळ नाही. सकाळच्या खाण्याने जीभ घासलीही जाते, हा त्याचा दुर्लक्षित फायदा. ॲलर्जीच्या बऱ्याच गोळ्या तोंड कोरडं करतात. बंद नाकामुळे रात्रभर तोंडाने श्वास, त्याने आणखी कोरडं. वर निळ्या माउथवॉशात अल्कोहोल असेल तर त्याचीही भर. बाटलीच्या मागे वाचून बघा.

गोळी मनाने बंद करू नका. ज्यांनी दिली त्यांना विचारा, कमी कोरडं करणारे पर्याय असतात.

रातकिडा
+१. मला रक्तदाबाची गोळी बदलल्यावर हाच त्रास सुरू झाला होता. नैराश्यावरच्या गोळ्यांनीही होतं म्हणे. गोळीच्या पाकिटातला तो घडी घातलेला बारीक अक्षरांचा कागद कुणी वाचत नाही, पण त्यात "तोंडाला कोरड" बहुतेक वेळा असतंच.

निंबोणी
इतकं शास्त्र कशाला? कोमट पाणी, अर्धं लिंबू, चिमूट मीठ. सकाळ-संध्याकाळ गुळण्या. आमच्या घरात वर्षानुवर्षं चालू आहे, कुणाच्या तोंडाला वास नाही.

कळलावी
कुणाच्या तोंडाला वास नाही, की सगळ्यांना एकमेकांची सवय झालीये? ;)

दंतकथा
@निंबोणी, मीठ-पाणी खुशाल करा, लिंबू मात्र काढा. दातांचं वरचं कवच साधारण ५.५ पीएचच्या (आम्लपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) खाली विरघळायला लागतं, आणि लिंबाचा रस २ ते ३ च्या आसपास. पाण्यात मिसळला तरी रोज दोन वेळा म्हणजे बराच मारा. व्हिनेगरच्या गुळण्यांचंही तेच. आंबट काही तोंडात गेलं तर लगेच ब्रशही करू नका. साध्या पाण्याने चूळ भरा आणि अर्धा-पाऊण तास थांबा. मऊ पडलेलं कवच ब्रशने खरवडून निघतं.

निंबोणी
माझे दात ठणठणीत आहेत हो. सासूबाईंचेही आहेत. आता सगळंच घातक ठरवायची फॅशन आलीये.

दंतकथा
ठणठणीत असतील तर आनंदच आहे. गार पाणी प्यायल्यावर शिणशिणत नाहीत ना, एवढंच बघा.

निंबोणी
...थोडे शिणशिणतात.

कळलावी
:) :) :)

गव्हाळ
लिंबाऐवजी खायचा सोडा. पाव ते अर्धा चमचा सोडा पेलाभर कोमट पाण्यात, खळखळून चूळ, थुंकून टाकायचं, गिळायचं नाही. तोंडातला आम्लपणा जातो आणि तो बुळबुळीत थर सुटायला मदत होते. चव भिकार आहे, आधीच सांगते. रक्तदाबामुळे मीठ कमी करायला सांगितलेल्यांनी तर अजिबात गिळू नये, त्यात सोडियम असतं.

तिळाचे_तेल
आयडी बघून कळलंच असेल मी काय सांगणार. सकाळी चमचाभर तेल तोंडात घेऊन दहा-पंधरा मिनिटं घोळवायचं. माझा अनुभव उत्तम. जीभ गुळगुळीत गुलाबी होते, तोंड दिवसभर हलकं राहतं.

सांख्यिकी
तेलाच्या गुळण्यांवर थोडे अभ्यास झालेत, पण लहान लहान आणि कमी दिवसांचे. जंतू थोडे कमी होतात असं दिसतं. एवढ्यावरून "शरीरातली विषं ओढून घेतं" वगैरे म्हणणं म्हणजे अति झालं. थुंकलेलं तेल पांढरं दिसतं ते विषामुळे नाही, लाळेत घुसळलं गेल्यामुळे.

तिळाचे_तेल
मी विषं ओढतं असं कुठे म्हटलं? हलकं वाटतं म्हटलं.

सांख्यिकी
तुम्ही नाही, पण पुढचा प्रतिसाद देणारा नक्की म्हणाला असता. आधीच बंदोबस्त केला.

रुमाल
तेल बेसिनात थुंकू नका एवढं सांगतो. नळदुरुस्तीवाल्याने पाइप उघडून आतला गोळा दाखवल्यावर आमच्या घरातले सगळ्यांचे आयुर्वेदिक प्रयोग एका दिवसात बंद झाले. कागदात थुंका आणि कचऱ्यात टाका. आणि लहान मुलांना हे करायला लावू नका, ठसका लागून तेल श्वासनलिकेत गेलं तर भलतंच व्हायचं.

अनुस्वार
धाग्यातला दुसरा प्रश्न सगळे विसरले. स्वतःचा वास कसा ओळखायचा?

ओंजळीत फुंकर मारून हुंगायची पद्धत कुचकामी. आपल्या वासाला आपलं नाक सरावलेलं असतं, शिवाय फुंकरीत जिभेच्या मागची हवा नीट येत नाही. मी ऐकलेल्या तीन पद्धती: मनगटाच्या आतल्या बाजूला जीभ लावा, दहा-पंधरा सेकंद सुकू द्या, मग हुंगा. किंवा चमचा पालथा धरून जिभेच्या मागच्या भागावरून ओढा, त्यावर आलेला थर मिनिटभर तसाच ठेवून मग हुंगा. किंवा मागच्या दाढांमधून फ्लॉसचा दोरा फिरवून त्याचा वास घ्या.

तिसरीला मनाची तयारी करून बसा.

मध्यरात्रीचा_चहा
आत्ता चमचावाली केली. हा धागा मी वाचायलाच नको होता.

दंतकथा
@अनुस्वार, तिन्ही बरोबर. चौथी सगळ्यात खात्रीची, पण कुणी करत नाही: घरातल्या विश्वासू माणसाला सरळ विचारायचं. आम्हीही शेवटी नाकानेच तपासतो. गंधकाचे वायू मोजणारं यंत्र असतं, पण अनुभवी नाकाचा निर्णय अजूनही पक्का मानतात.

आणि एक गोष्ट गंभीरपणे. वासाची तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी काहींना वास नसतोच. समोरच्याने नाक खाजवलं, खिडकी उघडली, मान वळवली की यांना वाटतं आपल्यामुळेच. मग दिवसातून सात-आठ वेळा ब्रश, तोंडावर हात, लोकांत जाणं बंद. अशा माणसाला माउथवॉश देऊन उपयोग नाही. त्याला मनोविकारतज्ज्ञाची मदत लागते आणि ती दिली की फरकही पडतो. खिडकीतला, "अर्धं पाऊल मागे" हे तुम्ही लिहिलंत म्हणून सांगितलं. घरात एकदा विचारून घ्या.

वेलांटी
हे फार महत्त्वाचं लिहिलंत. माझ्या एका मैत्रिणीचं अगदी हेच झालं होतं. आम्ही सगळ्या शपथेवर सांगायचो, तिला पटायचं नाही.

सांख्यिकी
अवांतर, पण या भीतीला जाहिरातींचा मोठा हातभार आहे. लिस्टरिन १८७९ मध्ये अमेरिकेत तयार झालं ते शस्त्रक्रियेसाठीचं जंतुनाशक म्हणून. नाव दिलं ब्रिटिश शल्यविशारद जोसेफ लिस्टर यांच्यावरून. नंतर १९२० च्या दशकात कंपनीने जाहिरातींचा धडाका लावला: बिचारी मुलगी, सगळं आहे पण लग्न जमत नाही, आणि कारण तिला कुणी सांगत नाही. "हॅलिटोसिस" हा वैद्यकाच्या पुस्तकातला शब्द त्या जाहिरातींनी घराघरांत नेला. खप प्रचंड वाढला.

कळलावी
म्हणजे आधी रोग विकला, मग औषध.

सांख्यिकी
रोग होताच हो. लाज विकली.

पाचवा_मजला
लसणाचं काय करायचं ते कुणी सांगेल का? ब्रश करा, जीभ घासा, काही करा, दुसऱ्या दिवशीपर्यंत ढिम्म हलत नाही.

गव्हाळ
कारण तो तोंडात नसतोच. लसणातलं ॲलिल मिथाइल सल्फाइड पचनात मोडत नाही, रक्तात जातं आणि फुप्फुसांतून श्वासावाटे बाहेर येत राहतं. घामातूनही. तुम्ही दात घासा नाहीतर भांडी घासा.

दूध मात्र चालतं. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात २०१० मध्ये यावर काम झालं. सायीसकट दूध स्निग्धांश काढलेल्या दुधापेक्षा जास्त परिणामकारक ठरलं, आणि जेवल्यानंतर पिण्यापेक्षा लसणासोबतच प्यायलं तर जास्त फरक पडला. कच्चं सफरचंद आणि पुदिन्याची ताजी पानं यांचाही उपयोग दिसला आहे, पण तीही जेवताना किंवा लगोलग. चार तासांनी सफरचंद खाल्लं तर फक्त सफरचंद खाल्लं.

पाचवा_मजला
लसूण आणि दूध एकत्र? वास जाईल, भूकही जाईल.

रुमाल
सोप्पा उपाय: घरातल्या सगळ्यांनी लसूण खायचा. मग कुणाला कळतंय!

ओलांडा
लहान मुलांबद्दल कुणी सांगेल का? मुलगा तीन वर्षांचा. अचानक तोंडाला घाणेरडा वास यायला लागलाय. ब्रश आम्हीच करून देतो, दात स्वच्छ आहेत. सर्दीही आहे, पण एकाच नाकपुडीतून वाहतंय, हिरवट.

दंतकथा
@ओलांडा, धागा पुढे वाचू नका, आजच कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे न्या. या वयात एकाच नाकपुडीतून घाण वासाचा स्राव म्हणजे नाकात काहीतरी अडकलंय का हे आधी बघतात. मणी, स्पंजाचा तुकडा, खडूचा तुकडा, काहीही. स्वतः चिमट्याने काढायला जाऊ नका, आणखी आत ढकललं जातं. आणि खेळण्यांतली बटण बॅटरी गेली असण्याची पुसटशी शंका असेल तर संध्याकाळच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, ताबडतोब निघा. ती काही तासांत आतली त्वचा जाळते.

ओलांडा
निघतोय. धन्यवाद.

मध्यरात्रीचा_चहा
काय झालं ते कळवा हो. जीव टांगणीला लागला.

अनुस्वार
तोवर माझा किस्सा. दात, जीभ, हिरड्या सगळं तपासून झालं, वास जाईना. शिवाय घशात एका बाजूला सारखं काहीतरी टोचतंय असं वाटायचं. एके दिवशी जोरात खोकला आला आणि जिभेवर काहीतरी पडलं. पिवळट पांढरं, दोन-तीन मिलिमीटरचं, चिजाच्या कणासारखं मऊ. बोटांत चिरडलं मात्र, आणि खोलीभर... नको, जेवत असाल.

टॉन्सिलचे खडे म्हणतात त्यांना. टॉन्सिलवर खळगे असतात, त्यात अन्न आणि मृत पेशी अडकून घट्ट होतात. तज्ज्ञांनी मला जेवणानंतर कोमट मीठ-पाण्याने जोरकस गुळण्या सांगितल्या. मान मागे टाकून, "घर्र" आवाज घशातून यायला हवा. नुसतं गालात खळखळवून तिथवर पोहोचत नाही. तेव्हापासून क्वचितच होतात. सेफ्टीपिन, हेअरपिन असल्या वस्तूंनी टोकरून काढायचे व्हिडिओ आहेत, त्यांच्या नादी लागू नका. टॉन्सिलमधून चांगलंच रक्त येऊ शकतं.

कळलावी
"जेवत असाल" हे किस्सा सांगून झाल्यावर सांगतात का?

हळदीचा_हात
कवळी वापरणाऱ्यांबद्दलही लिहा कुणीतरी. माझ्या वडिलांची कवळी रात्रीही तोंडातच असायची, काढली की म्हातारं दिसतो म्हणायचे. जवळ बसवेना. मग दंतवैद्यांनीच त्यांना समजावलं की रात्री काढून, मऊ ब्रशने घासून, पाण्यात बुडवून ठेवायची. कोरडी ठेवायची नाही आणि उकळत्या पाण्यात तर मुळीच नाही, आकार बिघडतो. टूथपेस्टनेही घासू नका, चरे पडतात आणि चऱ्यांत पुन्हा घाण साठते. साधा भांड्यांचा सौम्य साबण चालतो, नीट विसळायचा. आणि टाळू व हिरड्याही ओल्या कापडाने पुसायच्या. आता वाटी-चमचा घेऊन नातवंडं त्यांच्या मांडीवर बसतात.

रातकिडा
वासावरून आजार कळतो हे कितपत खरं?

दंतकथा
काही बाबतीत खरं. मधुमेहात साखर फार वाढून रक्तात किटोन (शरीर चरबी जाळतं तेव्हा तयार होणारी रसायनं) साठले की श्वासाला पिकल्या फळासारखा किंवा नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास येतो. सोबत उलट्या, धाप, ग्लानी असेल तर ती तातडीची वेळ आहे, घरगुती उपायाची नाही. मूत्रपिंडं निकामी होत असतील तर अमोनियासारखा वास. यकृताच्या गंभीर आजारात गोडसर कुबट. पण हे रुग्ण बहुधा वासाच्या तक्रारीने येत नाहीत, बाकीची लक्षणं आधीच दिसत असतात. त्यामुळे इथे वाचून कुणी यकृताच्या तपासण्या करायला धावू नका.

पिष्टमय पदार्थ एकदम तोडणाऱ्यांना किंवा लांब उपास करणाऱ्यांनाही किटोनचा सौम्य वास येतो. तो ब्रशने जात नाही, कारण तोही फुप्फुसांतून येतो.

पाचवा_मजला
आणि लवंगेचं तेल? कापसावर घेऊन हिरडीला लावलं तर वास आणि दुखणं दोन्ही जातं म्हणे.

दंतकथा
लवंगेतल्या युजेनॉलने बधिरता येते, हे खरं. पण निव्वळ तेल हिरडीला लावून पांढरी भाजलेली जागा घेऊन आलेले लोक बघतो मी. आणि दुखणं दबलं की माणूस येत नाही, कीड आत खोल जात राहते. अख्खी लवंग चघळा, काही बिघडत नाही. फक्त तो अत्तराचा फाया आहे, आंघोळ नव्हे.

निंबोणी
मग माउथवॉश एकही वापरायचं नाही का? आता लिंबू तर गेलं.

दंतकथा
हाहा, वापरा की. अल्कोहोल नसलेलं घ्या. झिंक असलेलं असेल तर बरं, झिंक गंधकाच्या वायूंना बांधून ठेवतं, नुसता वास झाकत नाही. क्लोरहेक्झिडिन या जंतुनाशकाचं दुकानात सहज मिळतं, पण ते सांगितल्याशिवाय आणि दोन आठवड्यांच्या वर नको. दातांवर तपकिरी डाग पडतात, तोंडाची चव जाते. सहा वर्षांच्या आतल्या मुलांना कुठलंच नको, गिळतात.

तंबूत
बिनसाखरेचं च्युइंगगम हा सगळ्यात सोपा उपाय कुणी लिहिलाच नाही. झायलिटॉलवालं, म्हणजे साखरेऐवजी ते गोड द्रव्य घातलेलं. चावण्याने लाळ सुटते आणि झायलिटॉलवर दात किडवणारे जंतू पोसले जात नाहीत. फोनवर बोलायचं काम असेल तर दोन फोनच्या मधे. फार खाल्लं तर पोट ढिलं होतं, तेवढं सांभाळा.

रुमाल
घरात कुत्रा असेल तर ते पाकीट उंचावर ठेवा. झायलिटॉल कुत्र्यांना विषारी असतं, थोडंसं खाल्लं तरी रक्तातली साखर धडकन खाली येते.

कळलावी
माझ्या कुत्र्याच्या तोंडाचा वास घेतलात तर तुम्हीच त्याला गम द्याल. (नाही देणार. गंमत केली.)

ओलांडा
अपडेट. नाकात फोमचा तुकडा होता, उशीतला. डॉक्टरांनी दोन मिनिटांत काढला. वास उद्यापरवापर्यंत जाईल म्हणाले. मुलगा तो तुकडा घरी न्यायचा म्हणून रडत होता. @दंतकथा, तुमचे आभार कसे मानू!

मध्यरात्रीचा_चहा
हुश्श!

वेलांटी
एक विचारू? नवऱ्याच्या तोंडाला वास येतो. सांगायचं कसं? एकदा चेष्टेत बोलले तर दोन दिवस फुगून बसला.

हळदीचा_हात
चेष्टेत नकोच, तिथेच बिनसतं. चारचौघांत नाही, भांडणात नाही आणि तो जवळ येत असताना तर नाहीच नाही. एरवी निवांत असताना, "तुझ्या तोंडाला हल्ली वास येतोय, हिरड्यांचं काही आहे का दाखवून येऊया" एवढंच. "हल्ली" आणि "येऊया" महत्त्वाचे. स्वतःचीही दाताची वेळ घ्या आणि दोघं मिळून जा.

कळलावी
किंवा हा धागा उघडा ठेवून मोबाइल सोफ्यावर विसरा.

वेलांटी
@कळलावी, आधी वरचे माझे प्रतिसाद काढावे लागतील :(

खिडकीतला
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. घरात विचारलं. उत्तर आलं, "सकाळी नसतो, दुपारनंतर थोडा असतो, मला वाटलं तुला माहितीये." म्हणजे मनाचे खेळ नव्हते.

काय काय केलं: सकाळी खाऊन बाहेर पडतो. टेबलावर पाण्याची बाटली. टंग क्लीनर आणला, @भरतीओहोटी यांची श्वास सोडण्याची युक्ती तंतोतंत लागू पडली. झोपताना मिठाच्या पाण्याने नाक धुतो, पाणी उकळून कोमट केलेलं. गोळीबद्दल विचारलं तर वेगळी दिली. दुपारचा चिकटपणा बराच कमी आहे, वासही कमी आहे असं घरून कळतं.

पण फ्लॉसची परीक्षा केली त्यात एक गंमत दिसली. डाव्या बाजूला सगळं ठीक. उजवीकडे वरच्या शेवटच्या दोन दाढांमधून दोरा काढला की दर वेळी घाण वास, आणि दोरा तिथेच अडकून पिंजतो. बाकी कुठे पिंजत नाही. दुखत काहीच नाही.

दंतकथा
दोरा एकाच जागी पिंजतो म्हणजे तिथे काहीतरी खडबडीत आहे. जुन्या फिलिंगची कड सुटलेली असेल, कॅप नीट बसलेली नसेल, किटण असेल किंवा दोन दाढांमधे कीड. अशी कीड वरून आरशात दिसत नाही, एक्स-रेत दिसते, आणि आतल्या नसेपर्यंत पोहोचेपर्यंत दुखतही नाही. याला घरगुती उपाय नाही. वेळ घ्या आणि गेल्यावर "कुठे दुखतंय" ऐवजी "दोरा कुठे पिंजतो" तेच सांगा. बोट ठेवून दाखवा, तपासणाऱ्याचं काम सोपं होतं.

भरतीओहोटी
फ्लॉस करताना मला हिरडीतून रक्त येतं. म्हणून सोडून दिलं होतं. सुरू करू का परत?

दंतकथा
सुरू करा. रक्त बहुधा सुजलेल्या हिरडीतून येतं, आणि हिरडी सुजते ती तिथे घाण साठते म्हणून. दोरा करवतीसारखा खाली आपटू नका. हलकेच आत उतरवा, दाताला इंग्रजी सी अक्षरासारखा मिठी मारून वर-खाली करा, मग शेजारच्या दाताला. आठवडाभरात रक्त कमी व्हायला हवं. दोन आठवड्यांनंतरही येत राहिलं तर दाखवा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा.

भरतीओहोटी
गोळी नाही कुठली. आज रात्रीपासून करते. फट जास्त असलेल्या दातांना दोरा सैल पडतो, तिथे काय?

दंतकथा
तिथे दोऱ्यापेक्षा दातांमधला छोटा ब्रश बरा. बाटली धुवायच्या ब्रशची चिमुकली आवृत्ती, वेगवेगळ्या जाडीत मिळतो. सहज जातो पण किंचित घासतो असा आकार निवडा. जोर लावून घुसवायचा नाही.